ॲपवरचा पखवाज चालंल काय, मास्तर?

मागच्या अंकात पावसाळ्यात पेटीच्या पट्ट्या का अडकतात यावर लिहिलं, तर पत्रं आली ती कॉम्प्युटरच्या संगीतावर. आमच्या बेळगावात असंच असतं, विचारावं एका गल्लीत आणि उत्तर यावं दुसऱ्या गल्लीतून. काही पत्रं निवडली आहेत. नाव छापू नका असं दोघांनी लिहिलं होतं, म्हणून सगळ्यांचीच नावं गाळली. नव्या वाचकांसाठी सांगतो, मी शहापुरात पेट्या दुरुस्त करतो, संध्याकाळी भजनाला आणि नाट्यगीतांना साथ करतो, आणि दुकानाच्या माळ्यावर कीबोर्ड-कॉम्प्युटर ठेवून लोकांची गाणी रेकॉर्डही करून देतो. दोन्हीकडचं मीठ खाल्लेला माणूस उत्तर देतोय हे धरून वाचा.

प्रश्न : मास्तर, नमस्कार. आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं. मंडळाचा पखवाजी मुलाकडं पुण्याला गेला तो तिकडचाच झाला. यंदा गणपतीत एका पोरानं मोबाईलमधल्या ॲपला चार ओळी लिहून दिल्या आणि त्यानं पखवाज, टाळ, पेटी, कोरस सगळ्यासकट अभंग करून दिला की हो. निम्मं गाव म्हणतंय, एवढं छान वाजतंय तर पखवाजी हुडकायचा कशाला? म्हातारी माणसं म्हणतात, ह्यात जीव नाही. जीव नाही म्हणजे नेमकं काय नाही, ते कुणालाच सांगता येईना. पोराचं गाणं सोबत पाठवलंय. — भजनी मंडळाचा चिटणीस

उत्तर : चिटणीस, गाणं आधी हेडफोन लावून ऐकलं, मग दुकानातल्या मोठ्या स्पीकरवर लावलं. चांगलं काय ते अगोदर सांगतो, नाहीतर तुमचं निम्मं गाव म्हणेल, पोटावर पाय येतोय म्हणून मास्तर कुरकुरतोय. पखवाजाचा ‘धा’ भरदार आहे, डाव्या अंगाला नुकतीच कणीक थापल्यासारखा. टाळ एकमेकांवर आदळत नाहीत. पेटी सुरात आहे, तुमच्या मंडळाच्या पेटीपेक्षा जास्तच. ती माझ्याकडेच दुरुस्तीला येते आणि तिचा वरचा धैवत कसा आहे हे तुम्हालाही ठाऊक आहे. खटकलं ते उच्चारात. ‘सकळ’चं ‘सकल’ झालंय. ‘चोखट’मधला च आपण चमच्यातल्या च सारखा म्हणतो, तो यंत्रानं चहातल्या च सारखा म्हटलाय. पण हे आज ना उद्या सुधारेल. उच्चारावर पैज लावली तर म्हातारी माणसं हरतील, म्हणून तो मुद्दा सोडा.

‘ऐकलं की ओळखू येतं’ हाही मुद्दा सोडा. डीझर नावाच्या फ्रेंच संगीत कंपनीनं २०२५ साली इप्सॉस या पाहणी करणाऱ्या कंपनीकडून आठ देशांतल्या ९,००० लोकांची पाहणी करून घेतली. गाणी ऐकवून विचारलं, यातलं पूर्ण यंत्राचं कुठलं आणि माणसाचं कुठलं? ९७ टक्के लोकांना सांगता आलं नाही. त्याच्याही कितीतरी आधी, १९९७ साली, अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठात एक गंमत झाली. डेव्हिड कोप या संगीतकारानं बाख या जुन्या जर्मन संगीतकाराच्या धाटणीत रचना करणारा प्रोग्राम लिहिला होता. श्रोत्यांपुढं तीन रचना वाजवल्या : एक खुद्द बाखची, एक प्रोग्रामची, एक स्टीव्ह लार्सन या प्राध्यापकांची. श्रोत्यांनी प्रोग्रामची रचना बाखची ठरवली आणि बिचाऱ्या लार्सनची कॉम्प्युटरची! गोष्ट सांगणारे इथंच थांबतात. पण त्या रचना पियानोवर बसून वाजवल्या होत्या विनिफ्रेड कर्नर या हाडामांसाच्या बाईंनी. इलिनॉय विद्यापीठात १९५७ च्या सुमारास कॉम्प्युटरकडून पहिली मोठी रचना करवून घेतली, तीही शेवटी चार वादकांनी व्हायोलिन, व्हायोला, चेलो घेऊन वाजवली. कुठला सूर कधी हे यंत्रानं ठरवलं. कुठं दाबायचं, कुठं सोडायचं, हे माणसानं. तुमच्या पोराच्या ॲपनं हातसुद्धा स्वतःचेच आणलेत, नवीन आहे ते एवढंच.

आता तुमच्याच मंडपात या. एकादशीची रात्र, साडेदहा वाजून गेलेत. बुवा साठीपुढचे. अंतऱ्याला वर गेले आणि वरच्या षड्जावर दम पुरेना. पखवाजी बुवांच्या हाताकडं बघतच असतो. त्यानं मनात योजलेला मोठा तुकडा गिळला आणि साधा ठेका धरून राहिला. पेटीवाल्यानं बुवांनी सोडलेल्या षड्जावर बोट ठेवलं आणि भाता पुरता भरून घेतला, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं बुवांनीच सूर लांबवला. टाळकऱ्यांतल्या एका जाणत्यानं मागून ओळ उचलली. तेवढ्यात बुवांनी श्वास घेतला आणि समेवर हजर. तिघांनी मिळून एकाची लाज राखली, आणि पुढ्यात बसलेल्या बायाबापड्यांना पत्ता नाही. पुढं गजराला लय चढते. कुणी चढवली? विचारून बघा, कुणीही आपलं नाव सांगणार नाही. पावली धरणाऱ्यांचे पाय, टाळ आणि पखवाज एकमेकांना ओढत नेतात.

पोराच्या गाण्यात मी हेच तपासलं. लयीचे ठोके देणारा मेट्रोनोम लावून बसलो. पहिल्या ओळीपासून शेवटच्या गजरापर्यंत मिनिटाला ९२ मात्रा, तसूभर इकडं नाही की तिकडं नाही. चढती लय मागितलीत तर ॲप तीही देईल. पण ती त्याच्या हिशेबानं चढेल, तुमच्या बुवांचा दम बघून नव्हे. म्हातारी माणसं ‘जीव नाही’ म्हणतात ते याला. आवाजात काही कमी नाही हो, समोरच्याचं ऐकून घ्यायची सोय त्यात नाही. वादकाचं ऐकून त्याच्यामागं जाणारे प्रोग्राम पॅरिसच्या इरकाम या संगीत-संशोधन संस्थेत झाले आहेत, नाही असं नाही. मात्र त्यांतले पुष्कळसे आधी लिहून ठेवलेल्या स्वरलिपीच्या आधारानं चालतात. आमचे बुवा कुठल्या ओळीवर परत येणार हे बुवांनाच माहीत नसतं, तिथं प्रोग्राम काय करणार?

तेव्हा निकाल असा. दुपारी मंडपात नुसतं लावून ठेवायला ते गाणं खुशाल लावा, चित्रपटगीतांपेक्षा बरं. पण त्यावर गायला बसलात की साथ तुम्ही त्याची करायला लागता, आणि हे दोन एकादश्यांत तुमच्या बुवांच्या गळ्याला कळेल. पखवाजी मिळेपर्यंत नुसत्या टाळांवर म्हणा. वारकऱ्यांचं भजन टाळ आणि वीणेवर उभं राहतं. आणि पोराला रागवू नका. ज्याला ९२ मात्रांचा अभंग करून घ्यावासा वाटला, त्याला पखवाजावर बसवून बघा.

जाता जाता उलट बाजूही सांगतो. माणूस वाजवतोय म्हणून जीव असतोच असं समजू नका. शेवटच्या बसवर डोळा ठेवून ठेका धरणारे तबलजी मी पुष्कळ बघितलेत. त्यांच्यापेक्षा ॲप बरं, निदान चहा मागत नाही.

प्रश्न : नोकरीतून निवृत्त झाल्यावर गाणं शिकायला लागले आहे. शिकवणाऱ्या बाई मोबाईलवर तानपुरा लावतात. मुलगा म्हणतो मिरजेहून खरा तानपुरा आणूया, यजमान म्हणतात घरात जागा कुठं आहे. खऱ्या तानपुऱ्यानं खरंच फरक पडतो का, की नुसती हौस? — एक विद्यार्थिनी, टिळकवाडी

उत्तर : ताई, यजमानांचं आधी ऐका. तानपुरा ठेवायला कोपरा लागतो, आणि तो कोपरा नातवंडांच्या वाटेत नसावा लागतो.

पहाटेच्या रियाजाला बटणाचा तानपुरा चालतो. बंगळुरूचे जी. राज नारायण बासरी वाजवणारे आणि इंजिनिअरही. त्यांनी १९७९ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक तानपुरा केला, तेव्हाही लोकांनी नाकं मुरडली होती. आता मोठ्या मैफलींतसुद्धा खऱ्या तानपुऱ्यांच्या जोडीच्या मागं तो गुपचूप चालू असतो. म्हणजे यंत्राचा सूर आपण केव्हाच घरात घेतलाय, आता दारात उभं राहून वाद घालतोय.

तरीही फरक आहे. तो कुठं आहे ते सांगण्यासाठी तुम्हाला जवारीजवळ न्यावं लागेल. तानपुऱ्याच्या तारा ज्या रुंद घोडीवरून जातात तिचा माथा सपाट दिसतो, पण तो किंचित उतरता घासलेला असतो. तार छेडली की ती त्या उतारावर टेकत-सुटत राहते, आणि एका सुराच्या पोटातून वरचे सूर बाहेर पडायला लागतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये बारीक दोरा सरकवलेला असतो. दोरा केसभर एकीकडं गेला की आवाज मुका, लाकडासारखा. केसभर दुसरीकडं गेला की नुसती झिणझिण. मध्ये एक जागा येते, तिथं तार बोलायला लागते. त्याला जवारी खुलली म्हणतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली याच घोडीवर लिहिलं. तार जिथं छेडली तिथं स्थिर राहणारे उपस्वर, म्हणजे पोटातले हे वरचे सूर, नियमाप्रमाणं ऐकू यायला नकोत, तानपुऱ्यात आणि वीणेत मात्र ते ऐकू येतात, आणि ही करामत त्या घोडीची, असं त्यांनी दाखवलं. नोबेल मिळायच्या ९ वर्षं आधीची ही गोष्ट.

नीट सुरात मिळवलेल्या तानपुऱ्यात खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सा च्या तारेतून गंधार, म्हणजे ग, ऐकू येतो, कुणीही न वाजवलेला. माझी पेटी त्या गंधारापुढं उघडी पडते. अर्धस्वराचे १०० भाग केले तर पेटीचा गंधार त्याच्यापेक्षा जवळजवळ १४ भाग चढा असतो. पट्ट्यांच्या सोयीसाठी सगळी अंतरं सारखी केली, त्याची ही किंमत. आता गंमत बघा. चांगल्या तानपुऱ्याचं चांगलं रेकॉर्डिंग मोबाईलवर लावलंत तर हा गंधार तिथंही येतो. या बाबतीत मोबाईल माझ्या जिवंत पेटीपेक्षा खरा! सुराच्या शुद्धतेसाठी म्हणून मिरजेला जायची गरज नाही.

मग जायचं कशाला? तानपुरा खांद्याला टेकवून तुम्ही षड्ज लावलात आणि तो अगदी नेमका लागला, की तुमच्या आवाजानं तारा आपोआप थरथरतात आणि भोपळ्यातली ती थरथर हाताला कळते. सूर हुकला की थरथर नाही. स्पीकरला तुमचा षड्ज लागला काय नि नाही लागला काय, तो आपला चालूच. दुसरं कारण, खरा तानपुरा रोज मिळवावा लागतो. पंचमाची तार, मधल्या सा ची जोड, खर्ज, मग मणी सरकवून बारीक फरक, मग दोरा. सुरुवातीला वैताग येईल. पण ही जी पंधरा मिनिटं जातात त्यांत कान जेवढा तयार होतो तेवढा पुढच्या तासाभरात होत नाही, हे मी शिकणाऱ्यांकडं बघून सांगतो. कुमार गंधर्वांचा तानपुरे मिळवण्याबाबतचा काटेकोरपणा सगळ्यांना माहीत आहे. ते आपल्या सुळेभावीचे. बेळगावहून मिरजेची गाडी पकडलीत की सुळेभावी स्टेशन सुरुवातीलाच लागतं.

मिळवायला शिकायची तयारी असेल तरच घ्या. नुसता शोभेला कोपऱ्यात उभा राहणार असेल तर मोबाईल पुरे. घ्यायचा ठरला तर मिरजेला स्वतः जा, बाईंना बरोबर न्या, आणि तुमच्या पट्टीत लावून दाखवायला सांगा. काळी चारला गात असाल तर लहान, बायकांच्या मापाचा तानपुरा मागा, यजमानांचा प्रश्नही थोडा सुटेल. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हा ‘मिरजेचाच आहे’ म्हणून कुणीही काहीही गळ्यात मारेल, जपून. भोपळ्याला चीर आहे का बघा, टिचकी मारून बघा. जवारी तिथंच काढून घ्या, घरी आल्यावर माझ्याकडं आणू नका. पेटीवाल्यानं जवारीला हात लावू नये.

प्रश्न : काका, मी निपाणीचा. यंदा दहावीला आहे. तबला शिकतो आणि कॉम्प्युटरवर तबल्याचे आवाज वापरून बीट बनवतो. मित्रांना आवडतात. सर म्हणतात ते खेळणं आहे, आणि ॲपवर लेहरा, म्हणजे त्याच त्या चालीची फिरती ओळ, लावून रियाज केलेलाही त्यांना चालत नाही. दोन्ही बंद करू का?

उत्तर : दहावी आहे म्हणून आई जे बंद कर म्हणेल ते कर. बाकी दोन्हींतलं काहीच बंद करू नकोस.

लेहऱ्याच्या बाबतीत मी सरांच्या विरोधात जातोय, त्यांना दाखवू नकोस. पेटीवर लेहरा धरून बसलेला माणूस पोराची लय पळाली की नकळत त्याच्यामागं जातो. मीही जातो, माया म्हण किंवा सवय म्हण. पोराला वाटतं आपण लयीत आहोत. ॲप तसली माया करत नाही. कायदा, म्हणजे तबल्याची बांधलेली बोलरचना, पक्का करताना त्याचं हे बहिरेपण कामाचं आहे. सरांपुढं वाजवताना मात्र माणसाच्या लेहऱ्यावरच वाजव, कारण मैफलीत तुला ऐकणारा आणि तुझं ऐकणारा असे दोन्ही लागणार आहेत.

आता बीट. तू जे दाबतोस तो कुणीतरी आधी वाजवून ठेवलेला बोल असतो. १९८३ पासून मिडी नावाची पद्धत चालू आहे, तीत प्रत्येक आघाताचा जोर ० ते १२७ अशा आकड्यांत जातो. ‘ना’ला तेवढं पुरतं, बोट किनारीवर पडलं की काम झालं. आता डग्ग्यावर ‘घे’ वाजव आणि आपल्या मनगटाकडं बघ. आघात होऊन गेलेला असतो, तरी मनगट शाईच्या, म्हणजे त्या काळ्या गोल थराच्या, अंगानं सरकत दाब वाढवत असतं, आणि सूर चढत जातो. काम सगळं आघातानंतरचं. ते एका आकड्यात मावत नाही. म्हणून कॉम्प्युटरवाले पाच-दहा वेगवेगळे ‘घे’ रेकॉर्ड करून ठेवतात आणि तू त्यांतला एक निवडतोस. तुझ्या बीटमध्ये एकच ‘घे’ सगळीकडं आहे, मला दुसऱ्या आवर्तनात कंटाळा आला. मित्रांना नाही आला, कारण ते नाचत असणार.

शाईवरून आठवलं. कातड्याच्या वाद्यांचे उपस्वर साधारणपणे एकमेकांशी जमत नाहीत, म्हणून ढोलातून धड सूर निघत नाही. तबल्यातून निघतो, तो मधल्या शाईच्या थरांमुळं. हेही रामन यांनीच दाखवलं, १९२० साली. सरांना हे सांग, बीटचा राग जरा उतरेल.

एक काम देतो. निपाणीत राहून तू तबल्याचे विकतचे आवाज वापरतोस आणि गल्लीतली हलगी सोडून देतोस, हे बरं नाही. हलगीवाल्याला गाठ. तो पेटवलेल्या कागदावर, पाचोळ्यावर हलगी शेकतो तिथून फोनवर रेकॉर्डिंग चालू कर. शेकल्या शेकल्या ती कडाडते, वाजवता वाजवता थंड होते, आवाज उतरतो, मग तो पुन्हा शेकतो. ही उतरती हलगी तुझ्या बीटमध्ये घाल. त्याला विचारून घे आणि चहापाण्याचं बघ.

प्रश्न : मुलीचं लग्न आहे, हिंडलग्याच्या कार्यालयात. सनई-चौघडा बोलवायचा की मोबाईलवर लावायचं? खर्चाचं बघावं लागतंय.

उत्तर : बजेट असेल तर बोलवा. मंगलाष्टक संपून अक्षता पडायच्या क्षणी सनईनं सूर उचलायचा असतो, आणि आमच्याकडं मंगलाष्टक कधी संपेल हे भटजींच्या आणि मामांच्या हौसेवर असतं. सनईवाला अंतरपाटावर नजर ठेवून बसतो. मोबाईलवाला पोरगा त्या वेळी फोटो काढत असतो. मागच्या मोसमात एका लग्नात अंतरपाट दूर झाला आणि सनईच्या जागी केसांच्या तेलाची जाहिरात लागली. पैसे खरंच कमी असतील तर जेवणावळीला मोबाईल लावा आणि सनईवाल्याला फक्त मुहूर्ताचा तास सांगा. बरेच जण तयार होतात. वरातीला करडी मजल, म्हणजे आपल्या भागातला ढोल-सनईचा ताफा, मिळाली तर डीजेपेक्षा स्वस्त पडेल, शेजारीही शिव्या घालणार नाहीत.

प्रश्न : मी चिकोडीत छोटा स्टुडिओ चालवतो. कीबोर्डवर भक्तिगीतं, वाढदिवसाची गाणी, निवडणुकीची गाणी करून द्यायचो. आता लोक ॲपवर पाच मिनिटांत करून घेतात, कन्नडमध्ये एक आणि मराठीत एक. माझं काम जाणार काय? खरं सांगा. जाता जाता, घरात आजोबांची पेटी आहे, भाता फाटलाय. विकू का?

उत्तर : खरं सांगतो. निवडणुकीची गाणी गेली. वाढदिवसाचीही गेली. माझ्या माळ्यावरचीही गेली. उमेदवाराचं नाव आणि चिन्ह कळलं की झालं, तिथं मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, कुणाला हवी असते? त्या कामाचा शोक करू नका, ते आपण तरी कुठं मन लावून करत होतो.

पण ‘यंत्र आलं, संगीत मेलं’ असं कुणी म्हटलं की मला हसू येतं, कारण हे सगळं माझ्या वाद्याबद्दल बोलून झालेलं आहे. पेटी परदेशातून आलेली, फ्रान्समध्ये १८४२ साली पेटंट झालेली. तिच्यात मींड निघत नाही, श्रुती, म्हणजे दोन पट्ट्यांमधले बारीक सूर, बसत नाहीत, सगळे सूर कारखान्यात कापलेले. १९४० मध्ये आकाशवाणीनं तिला दार बंद केलं आणि ते १९७१ पर्यंत धड उघडलं नाही. त्या काळात पेटीवाल्यांची पोटं कशावर चालली असतील, विचार करा. आणि नेमकं याच काळात आपल्या बेळगावात रामभाऊ विजापुरे पेटी शिकवत होते. १९१७ साली कागवाडला जन्मलेला माणूस, २०१० मध्ये गेला तोवर त्यांच्या हाताखालून पेटीवाल्यांच्या पिढ्या गेल्या. रेडिओनं हाकललेलं वाद्य मैफलीत टिकलं ते साथीमुळं. गाणाऱ्याच्या पाठोपाठ केसभर मागं राहून, तो जिथं थांबला तिथं सूर भरून. मींड न निघणाऱ्या वाद्यावर मींडेचा भास करायला हे लोक शिकले, भात्याच्या दाबावर आणि बोट कधी उचलायचं यावर.

म्हणून तुम्हाला सल्ला देतो तो असा. तयार गाणं विकायचं सोडा, बसायचे पैसे घ्या. चिकोडी-संकेश्वर-रायबाग पट्ट्यात भजनी मंडळं कमी नाहीत, शाळांची स्नेहसंमेलनं आहेत, नाट्यसंगीताची हौस असलेली निवृत्त माणसं आहेत. यांना गाणं करून नको असतं, गायचं असतं. एका रात्री तुकोबांचा अभंग आणि पाठोपाठ पुरंदरदासांचं पद म्हणणारी मंडळं तुमच्याकडंही असतील. अशा ठिकाणी बुवा काळी एकला सुरू करून मध्येच ‘जरा खाली घ्या’ म्हणतात, तेव्हा पट्टी बदलून देणारा माणूस लागतो. तासाचा दर ठरवा, आणि तो आधी सांगा. आपल्या लोकांना हिशेब शेवटी सांगितला की भांडण होतं.

ॲपची गाणी करून विकायचा विचार करत असाल तर एक लक्षात असू द्या. सुनो आणि युडिओ या गाणी करून देणाऱ्या ॲपच्या दोन कंपन्यांवर अमेरिकेतल्या मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी जून २०२४ मध्ये खटले भरले. आमची गाणी न विचारता यंत्राला शिकवली, ही तक्रार. त्यातल्या काही कंपन्यांनी पुढं २०२५ मध्ये तडजोडी करून परवान्याचे करार केले. म्हणजे या कारखान्यातला कच्चा माल कुणाचा, हे मोठ्या लोकांनी आपापसांत ठरवायला घेतलंय. चिकोडीच्या भजनातला पखवाज त्या यंत्रानं कुठून ऐकला, हे विचारायला मात्र कुणी कोर्टात गेलेलं मला दिसत नाही. ॲपचं गाणं गिऱ्हाइकाला दिलंत तर ॲपचं आहे म्हणून सांगून द्या आणि तेवढेच पैसे घ्या.

आजोबांची पेटी विकू नका, निदान मला दाखवल्याशिवाय नको. भाता फाटणं हे काही मोठं दुखणं नाही, कातडी पट्ट्या बदलल्या की होतं. आतले सूर, म्हणजे वाजणाऱ्या पितळी पात्या, काढून बघावे लागतील. जुन्या पेटीत ते जर्मन किंवा फ्रेंच असले तर आज पैसे देऊनही तसे मिळत नाहीत. येताना पेटी एसटीच्या टपावर टाकू नका, मांडीवर घ्या. सोमवारी दुकान बंद असतं.